विश्लेषण : ‘चर्नी रोड’ की ‘चरणी रोड’? एका अक्षरावरून वाद का?

पश्चिम रेल्वेवर मरीन लाइन्स आणि ग्रँट रोडच्या मधले स्थानक. फलकावर ‘चर्नी रोड’ लिहिलेले असते. काही जण मात्र आग्रहाने ‘चरणी’ म्हणतात. फरक एका अक्षराचा, पण त्यामागे गिरगावच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

वाद नेमका काय?

लिहिताना ‘चर्नी’ आणि ‘चरणी’ हे शब्द बरेच वेगळे दिसतात. बोलताना मात्र मधल्या ‘र’मधला ‘अ’ गळतो. ‘देवाच्या चरणी’ म्हणतानाही आपण ‘चर्णी’च म्हणतो. त्यामुळे खरा वाद उरतो तो ‘न’ की ‘ण’ एवढाच.

‘चरणी’वाल्यांचे म्हणणे काय?

हे नाव गुरांच्या चरण्यावरून आले, असे सांगितले जाते. १८३८ च्या सुमारास इंग्रजांनी गुरे चारण्यावर शुल्क लावले. गरीब गुरेवाल्यांना ते परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ समुद्रालगतची गवताळ जमीन स्वतःच्या २० हजार रुपयांतून विकत घेतली आणि गुरांना मोफत चरू दिले, अशी ही हकीकत. क्रियापद ‘चरणे’, म्हणून नाव ‘चरणी’, असा हा तर्क.

मग ‘न’ आला कुठून?

पहिला संशयित रोमन लिपी. तिच्यात ‘न’ आणि ‘ण’ या दोन्हींसाठी एकच अक्षर. नाव एकदा इंग्रजी फलकावर गेले की देवनागरीत परत येताना ‘ण’ हरवू शकतो.

पण सगळा दोष इंग्रजांना देता येत नाही. मुंबईच्या मूळ रहिवाशांच्या कोळी, आगरी बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. हिंदीतही क्रियापद ‘चरना’च आहे आणि ‘चरनी’ म्हणजे गुरांची गव्हाण. म्हणजे ‘न’ इथल्या माणसांच्या तोंडचाही असू शकतो. ‘ण’ शुद्ध आणि ‘न’ गावंढळ ही समजूत शाळेतल्या प्रमाणभाषेने रुजवली. गावाचे नाव तिच्यापेक्षा जुने असू शकते.

दुसरी व्युत्पत्ती आहे का?

आहे. ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली आणि ‘चेंदणी’वरून ‘चर्नी’ झाले, असेही एक मत आहे. ते मानले, तर गुरे आणि कुरण दोन्ही बाजूला पडतात.

इतर ‘रोड’ स्थानकांचे काय?

तिथेही स्पेलिंग फसवते. मध्य रेल्वेवरच्या करी रोडचा आमटीशी संबंध नाही. ते करी नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याचे आडनाव. हार्बर मार्गावरचे रे रोड हे १८८५ ते १८९० या काळातले गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाचे. इंग्रजी स्पेलिंग पाहून नवखा प्रवासी ‘रीये’ म्हणतो, मराठी फलक वाचणारा मात्र बरोबर ‘रे’ म्हणतो.

हा वाद आता महत्त्वाचा का?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील काही स्थानकांची इंग्रजकालीन नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात चर्नी रोडसाठी ‘गिरगाव’ हे नाव आहे. अंतिम मंजुरी केंद्राची लागते. गिरगाव हे नाव अस्सल स्थानिक, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. मात्र करी, रे यांच्यासारखे हे नाव साहेबाचे नाही. कुरण खरे असो वा चेंदणी, ‘चर्नी’ हा शब्द इथल्याच मातीतला आहे. फलक बदलला, तर ‘न’ की ‘ण’ हा वाद आपोआप मिटेल. पण त्याबरोबर इथे कधी काळी गुरे चरत होती का, हा प्रश्न विचारायचे निमित्तही जाईल.