कावेरीकाठी व्हिएतनामची चव

तंजावरच्या सुपीक प्रदेशात कावेरी नदी अनेक फाट्यांत विभागली जाते. त्यांपैकी अरसलार नावाचा फाटा कारैकल या बंदराजवळ समुद्राला मिळतो. सभोवार भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि मंदिरांची गोपुरे दिसतात. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्याने तीन बाजूंनी वेढलेले हे गाव आज पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. पुदुच्चेरी व कारैकल येथील काही जुन्या कुटुंबांत सणासमारंभाला आप्तेष्ट जमले, की ‘चायो’ नावाचा पदार्थ आवर्जून केला जातो. तो तमिळ नाही आणि फ्रेंचही नाही. तो आला आहे थेट व्हिएतनाममधून.

हे कसे घडले, याचा शोध घेऊ लागल्यास पहिला धागा एका मराठी दरबारात सापडतो. तंजावरवर तेव्हा भोसले घराण्याचे राज्य होते. सिंहासनासाठी भाऊबंदकी माजलेली होती आणि पैशाची निकड होती. अशा वेळी रकमेच्या मोबदल्यात कारैकल फ्रेंचांना देण्याचे ठरले आणि 1739 मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला. गादीच्या चिंतेपुढे एक लहानसे बंदर दरबाराला क्षुल्लक वाटले असावे.

पुढे 1859 मध्ये फ्रेंचांनी सायगाव जिंकले आणि हळूहळू सर्व व्हिएतनाम त्यांच्या अमलाखाली आला. तेथील कचेऱ्यांना कारकून, पोलीस आणि करवसुली करणारे नोकर हवे होते. पुदुच्चेरी-कारैकलच्या तरुणांना फ्रेंच येत होते. शिवाय 1881 च्या एका आदेशाने, परंपरागत व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच कायदा स्वीकारण्याची मुभा भारतीयांना मिळाली होती. असे अनेक जण बोटीने सायगावला गेले. तमिळ प्रदेशातील चेट्टियार सावकार आणि मुसलमान व्यापारीही तेथे पोहोचले. सायगावातील मारिअम्मन देवीचे मंदिर आजही त्यांची साक्ष देते. नोकरीसाठी गेलेल्यांपैकी काहींनी तेथेच विवाह केले.

1954 मध्ये व्हिएतनाममधील फ्रेंच सत्ता संपली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला पुदुच्चेरी आणि कारैकल यांचा कारभार भारताकडे आला. सायगावची अनेक कुटुंबे त्या सुमारास परतली. काही तर 1975 पर्यंत येत राहिली. त्यांच्याबरोबर व्हिएतनामी सुनाही आल्या. ज्या घरी त्या आल्या, तेथील भाषा, पोशाख आणि देवदेवता त्यांना अनोळखी होत्या. माहेर समुद्रापलीकडे राहिले होते आणि तेथे पुन्हा जाणे बहुतेकींना शक्य नव्हते.

स्वयंपाकघरात मात्र त्यांना काही ओळखीचे सापडले. मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश, दोन्ही भाताचे आणि माशांचे. तांदळाची उकड साच्यातून दाबून केलेले तमिळ इडिअप्पम आणि व्हिएतनामी ‘बुन’ या शेवया ही जणू एकाच घरातील भावंडे. कोकणातील शिरवाळेही त्याच कुळातले. चायोसाठी लागणारी तांदळाची पातळ पापडी करण्याची रीतही मराठी गृहिणीला परकी वाटणार नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधतात, त्यावर तांदळाचे पातळ पीठ पसरतात, वाफ देतात आणि मग ती पापडी उन्हात वाळवतात. आपली सालपापडी आठवावी. फरक एवढाच, की ही पापडी तळून खायची नसून ओली करून तिच्यात सारण गुंडाळायचे असते.

सारणात खिमा किंवा कोळंबी, मुगाच्या सत्त्वाच्या पारदर्शक शेवया, गाजर, कांदा आणि अळंबी असते. गुंडाळी तळून कुरकुरीत झाली, की ती सॅलडच्या पानात पुदिन्यासह पुन्हा गुंडाळतात आणि आंबटगोड तिखट पाण्यात बुडवून खातात. हे पाणी माशांच्या अर्काचे असते. लहान मासे मिठात अनेक महिने मुरवून तो अर्क काढतात आणि त्यात लिंबू, साखर, लसूण व मिरची घालतात. त्याचा वास प्रथम उग्र वाटतो. परंतु सुकटीच्या वासाला सरावलेल्या माणसाने त्याबद्दल तक्रार करू नये!

ही गुंडाळी ज्याची त्याने बांधायची असते. त्यामुळे मधोमध थाळ्या ठेवून सर्वांनी भोवती बसावे लागते आणि नवख्याला शेजाऱ्याकडे पाहून शिकावे लागते. पहिली गुंडाळी बहुधा सुटते, हशा पिकतो आणि अनोळखी माणसेही बोलू लागतात. सारणाचे कापणे-चिरणेही एकट्याचे काम नव्हे; त्यासाठी घरातील अनेक हात सकाळपासून गुंतलेले असतात.

यांपैकी बरीच कुटुंबे पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाली. मागे राहिलेल्यांच्या घरात तमिळ रुळली आणि नातवंडांच्या तोंडची व्हिएतनामी भाषा मागे पडली. तरी पदार्थाचे नाव तपासून पाहण्याजोगे आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये याच पदार्थाला ‘नेम’ म्हणतात. दक्षिणेत त्याचे नाव वेगळे असून त्यातील शेवटच्या अक्षराचा उच्चार तिकडचे लोक ‘यो’ असा करतात. पुदुच्चेरीतील मुले आजही ‘चायो’ असेच म्हणतात. आजीच्या सायगावी बोलीत ते जसे होते, अगदी तसे.