मणक्यातील स्क्रू आणि वैद्याचे उत्तरदायित्व

पाठीवर शस्त्रक्रियेचा उभा व्रण असलेला रुग्ण वैद्याच्या दारी येणे, ही आता अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. हातात एक्स-रेचे पाकीट असते, त्यात चार स्क्रू व दोन दांड्या स्पष्ट दिसतात आणि प्रश्न एकच असतो : “वैद्यराज, आता तेल लावले तर चालेल का?” या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या हातून एकदा चूक झाली. ती प्रांजळपणे नमूद करूनच आम्ही या विषयाकडे वळतो.

कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या एक भगिनी, आठ महिन्यांनी पुन्हा कंबर दुखू लागली म्हणून आमच्याकडे आल्या. वातप्रकोपाचे निदान करून आम्ही तीन आठवडे अभ्यंग, स्वेदन व कटिबस्ती केली. आडवे झाल्यावर त्यांना बरे वाटे आणि उठून चालू लागताच वेदना वाढे. या लक्षणाचा अर्थ आम्ही लावला नाही. अखेरीस नवा एक्स-रे काढला, तेव्हा एका स्क्रूभोवती काळसर रेषा दिसली आणि दुसरा स्क्रू मोडलेला आढळला. शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. तेलामुळे स्क्रू मोडला असे नव्हे. परंतु ते तीन आठवडे आमच्यामुळे वाया गेले, हे आम्हांस मान्य आहे.

स्क्रूचे कार्य

मणक्याचा पुढचा भाग भरीव असून मागे हाडाची कमान असते. या दोहोंमधील पोकळीतून मज्जारज्जू जातो. पुढचा भाग व कमान यांना डावी-उजवीकडून जोडणारे दोन आखूड, बळकट पूल म्हणजे पेडिकल. पाठीच्या बाजूने या पुलातून स्क्रू आत नेला की तो मणक्याच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचतो आणि संपूर्ण मणका पकडीत येतो. कमरेसाठी साधारणतः 5.5 ते 7.5 मिलिमीटर व्यासाचे स्क्रू वापरतात. शेजारच्या मणक्यांतील स्क्रू दांड्यांनी जोडले की त्यांची परस्परांमधील हालचाल थांबते. पुलाची आतील भिंत भेदली गेल्यास मज्जातंतूस इजा होऊ शकते. म्हणूनच हे काम एक्स-रेच्या व काही ठिकाणी संगणकाच्या साहाय्याने केले जाते.

अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे वाकलेल्या पाठींसाठी आकडे व दांडी यांची पद्धत विकसित करून 1962 साली प्रसिद्ध केली. पॅरिसमध्ये रेमंड रॉय-कॅमिल यांनी 1963 पासून पेडिकलमध्ये स्क्रू बसविण्यास आरंभ केला. पुढे अमेरिकेत या स्क्रूंवरून न्यायालयीन वाद झाले. तेथील औषध प्रशासनाने 1998 साली त्यांचे वर्गीकरण बदलून ठराविक विकारांसाठी त्यांचा मार्ग मोकळा केला. सरकलेला मणका, अस्थिर अस्थिभंग, पाठीचा बाक, क्षयाने वा अर्बुदाने पोखरलेला मणका ही त्यांची प्रमुख स्थाने होत. गृध्रसीच्या प्रत्येक रुग्णास स्क्रू लागतो, हा समज निराधार आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की स्क्रू हाड जोडत नाही. तो केवळ मणके स्थिर ठेवतो. जोडते ते शेजारी रोपलेले हाड, आणि त्यास बहुधा सहा महिने ते वर्ष लागते. ते जुळले नाही तर सारा भार धातूवर राहतो आणि वारंवार वाकविलेली तार तुटावी तसा स्क्रू कालांतराने मोडतो किंवा हाडात सैल होतो.

आपल्या शास्त्राला हे तत्त्व अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत कपाटशयन सांगितले आहे. फळीवर निजवून, पाच खुंट्या ठोकून, भग्न अवयव हलणार नाही असे बांधावयाचे. आणि हाच विधी पृष्ठवंशासाठीही सांगितला आहे. त्या काळी खुंटी शरीराबाहेर होती, आज ती हाडाच्या आत गेली, एवढाच भेद. जुळण्याचे कार्य मात्र आजही रुग्णाच्या धातूंनाच करावे लागते.

आपण काय करावे

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास हात लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख, कोणते मणके जोडले व हाड जुळल्याचे शल्यचिकित्सकाने सांगितले आहे काय, हे विचारावे. ते स्पष्ट होईपर्यंत पाठीचे मर्दन, पीडन व ‘मणका बसविणे’ सर्वथा वर्ज्य मानावे. पायाची संवेदना कमी असल्यास स्वेदनाने त्वचा भाजू शकते. व्रणातून स्राव, ज्वर, रात्री वाढणारी वेदना, उभे राहताच वाढणारी नवी वेदना यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास शल्यचिकित्सकाकडे परत पाठवावे. मूत्रावरोध, मलमूत्रावरील ताबा सुटणे, गुदाभोवती बधिरता किंवा पाऊल लुळे पडणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी, त्याच क्षणी पाठवावे.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. वेदनेवर ‘रामबाण’ म्हणून खपणाऱ्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे सर्वज्ञात आहेत. स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात, व्रण भरण्यास विलंब होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड टिकत नाही. अशी पुडी दुकानात ठेवूच नये. ती दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णाने एकाएकी बंद करणेही घातक ठरू शकते. त्यास वैद्यकीय देखरेखीखाली आणावे. शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णास लसूणकल्पांसह सर्व औषधांची लेखी यादी द्यावी आणि ती भूलतज्ज्ञास दाखविण्यास सांगावे. लसणामुळे रक्तस्राव वाढू शकतो. तंबाखू व धूम्रपान हाड जुळण्यातील मोठे अडथळे आहेत, हे सांगण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.

पथ्य, अग्निरक्षण, बलवर्धन, मलबद्धता टाळणे, भय कमी करणे एवढे क्षेत्र आपल्यासाठी मोकळे आहे आणि ते लहान नाही. त्या भगिनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आमच्याकडे आल्या. या वेळी आम्ही तेलाच्या वाटीआधी एक्स-रे हाती घेतला.