दोनशेवीस आकृत्या आणि एक ओळ

लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण फाइनमन आकृत्या काढल्या. कणांमधल्या देवघेवीची जितकी चित्रं संभवतात तितकी काढायची, प्रत्येकाची किंमत मांडायची आणि बेरीज करायची. दोन ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) आदळून दोन निघाले तर चारच आकृत्या. तीन निघाले तर २५, चार निघाले तर २२० आणि आठ निघाले तर एक कोटीहून जास्त! प्रकाशाच्या फोटॉनवर विद्युतभार नसतो, पण ग्लुऑनवर स्वतःचाच 'रंगभार' असतो. त्यामुळे ते एकमेकांतच गुंतत जातात.

१९८४ मध्ये महाकाय त्वरकांवरच्या एका प्रसिद्ध आढावा-लेखात, असली गणितं नजीकच्या काळात सुटतील असं वाटत नाही, असं म्हटलं होतं. पण शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये स्टीफन पार्क आणि टोमाश टेलर यांनी २२० आकृत्यांचा तो प्रश्न सोडवला. उत्तर पानंच्या पानं भरणारं होतं. आणि मग १९८६ मध्ये दोघांनी लिहिलं की, एका महत्त्वाच्या प्रकारात हे सगळं एका ओळीत मावतं.

ती ओळ सांगायचा मोह मला आवरत नाही. रंगांचा एक क्रम धरून ग्लुऑन गोलात बसवा. कुठल्याही दोन ग्लुऑनच्या ऊर्जा आणि दिशा यांवरून त्या जोडीची एक संख्या मिळते. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या संख्यांचा गुणाकार छेदात लिहा. दोन ग्लुऑन डाव्या फिरकीचे आणि बाकी सगळे उजव्या फिरकीचे असतील, तर त्या दोघांच्या संख्येचा चौथा घात अंशात. झालं! ग्लुऑन सहा असोत की साठ. पार्क आणि टेलर यांनी हे आधी अंदाजाने लिहिलं आणि आकडे घालून ताडून पाहिलं. सिद्धता १९८८ मध्ये बेरेंड्स आणि गीले यांनी दिली.

उत्तर इतकं लहान, तर वाट इतकी लांब का? वहीत हातउसन्या रकमा जमेलाही लिहाव्यात आणि खर्चालाही, तसं आकृत्यांचं होतं: बेरजेत बरंच काही आपसांत कटून जातं. आकृतीतल्या मधल्या रेषा म्हणजे आभासी कण; ते प्रत्यक्षात कुठेच नोंदले जात नाहीत. एकेकट्या आकृतीची किंमतही आपण हिशेबाची कुठली पद्धत निवडली यावर बदलते. अर्थ असतो तो फक्त बेरजेला. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्राने शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच: आभासी कण वगळूनही हिशेब होतो.

तो कसा, हे २००५ मध्ये प्रिन्स्टनला ब्रिटो, काशाझो, फेंग आणि विटन यांनी दाखवलं. दोन कणांचे संवेग संमिश्र संख्यांच्या प्रदेशात सरकवायचे. मात्र एकूण संवेग तोच राहिला पाहिजे आणि ग्लुऑन वस्तुमानहीनच राहिले पाहिजेत. सरकवताना काही ठरावीक जागी उत्तर अनंताकडे धावतं, आणि नेमकं तिथेच त्याचे दोन लहान तुकडे पडतात. त्या तुकड्यांतले सगळे कण वस्तुमानाचा नियम पाळणारे. आभासी एकही नाही. तुकडे पाडत गेलं की शेवटी तीन ग्लुऑनचा पाया उरतो, आणि तो तर सापेक्षतेच्या सममितीनेच ठरलेला असतो.

सहा ग्लुऑनपैकी ओळीने तीन डावे आणि तीन उजवे असतील, तर वरची ओळ लागू पडत नाही. रंगांच्या एकाच क्रमासाठी तिथे ३८ आकृत्या लागतात. या रीतीने पदं येतात दोन. पुढच्या लेखांकात ती दोन्ही आपण हाताने सोडवू. कागद मात्र जवळ ठेवा.