हरला तो बाहेर : बुद्धिबळाचा विश्वचषक कसा चालतो

लेखमाला : पटावरच्या स्पर्धा – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण स्विस लीग पद्धत पाहिली. तिच्यात कुणी बाहेर पडत नाही. हरलेला हरलेल्याशी खेळतो, जिंकलेला जिंकलेल्याशी, आणि शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येकाला पट मिळतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेल्या सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने उन्हाळी सुट्टीत वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. अशा ठिकाणी हीच पद्धत योग्य. सातारा, कराड, विटा, इस्लामपूरहून एसटीने आलेल्या मुलाला पहिल्याच डावानंतर घरी पाठवण्यात कुणाचंच भलं नाही.

आज याच्या अगदी उलट पद्धत पाहू. हरला तो बाहेर. बाद पद्धतीचा सर्वांत मोठा बुद्धिबळ सोहळा म्हणजे ‘फिडे’चा, म्हणजेच आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा विश्वचषक. २०२५ साली तो आपल्या दोन्ही अंगांनी जवळ आला. जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, आणि नोव्हेंबरमध्ये खुला विश्वचषक शेजारच्या गोव्यात खेळला गेला.

पुढे चाल कुणाला, आणि किती?

बाद पद्धतीचं गणित दोनाच्या घातांवर चालतं. दर फेरीला निम्मे खेळाडू गळतात. म्हणून शेवटी नेमका एक उरायचा असेल, तर संख्या २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी असावी लागते. गोव्यात मात्र २०६ खेळाडू होते आणि बाटुमीत १०७. मग काय करायचं?

नियम सोपा आहे. आपल्या संख्येच्या पुढचा दोनाचा घात घ्या आणि त्यातून आपली संख्या वजा करा. जे उरेल, तितक्या खेळाडूंना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळता दुसऱ्या फेरीत प्रवेश द्या. गोव्यासाठी २५६ वजा २०६, म्हणजे ५०. वरच्या ५० मानांकितांना पुढे चाल मिळाली आणि उरलेले १५६ जण आपसांत खेळले. त्यांतून ७८ जिंकले. ७८ आणि ५० मिळून दुसऱ्या फेरीला बरोबर १२८ झाले. बाटुमीतही तसंच : १२८ वजा १०७, म्हणजे २१ जणींना पुढे चाल. उरलेल्या ८६ पैकी ४३ जिंकल्या, आणि ४३ अधिक २१ म्हणजे ६४.

तुमच्या शाळेत २२ मुलांची स्पर्धा घ्यायची असेल, तरी हाच हिशेब. ३२ वजा २२, म्हणजे दहा जणांना पुढे चाल. बारा जण खेळतील, सहा उरतील, आणि दुसऱ्या फेरीला सोळा जण पटावर बसतील.

एकूण लढती किती होतील, हे तर तोंडी सांगता येतं. प्रत्येक लढतीत एकच जण बाहेर जातो आणि विजेता सोडून बाकी सगळ्यांना बाहेर जायचंच असतं. म्हणून २०६ खेळाडूंना २०५ लढती. तिसऱ्या क्रमांकासाठीची लढत धरली की २०६.

कोण कुणाशी खेळणार, हे मानांकनावर ठरतं. १२८ जणांच्या फेरीत सगळे मानांकित टिकले, तर पहिल्याची गाठ १२८व्याशी आणि दुसऱ्याची १२७व्याशी पडते. पहिला आणि दुसरा अंतिम फेरीआधी एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत. ही काळजी का घेतात, ते १८५१ सालच्या लंडनच्या स्पर्धेवरून कळतं. ती आधुनिक काळातली पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा. सोळा खेळाडू, बाद पद्धत, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लावलेल्या. परिणाम असा झाला, की किझेरित्स्कीसारखा नामवंत पहिल्याच फेरीत अँडरसनसमोर आला आणि गारद झाला. स्पर्धेचे सूत्रधार स्टाँटन हे उपांत्य फेरीत त्याच अँडरसनकडून हरले. पुढे १८६२च्या लंडन स्पर्धेत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची पद्धत आली, आणि वरच्या दर्जाच्या बुद्धिबळातून बाद पद्धत बराच काळ मागे पडली.

बरोबरीचं काय करायचं?

सातारा-सांगलीच्या वाचकाला बाद पद्धत कुस्तीमुळे परिचयाची आहे. २०२२ साली साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्या मॅटवर सहा मिनिटांनी गुण समसमान झाले, तरी वरचढ डाव कुणाचा, शेवटचा गुण कुणाचा, यावर निकाल लागतोच. कुस्तीत कुणीतरी जिंकून बाहेर येतं. बुद्धिबळात तसं नाही. दोन तुल्यबळ खेळाडू नीट खेळले, तर डाव बरोबरीत सुटणं हेच स्वाभाविक. पण बाद फेरीला बरोबरी चालत नाही. विश्वचषकाची सगळी रचना या एका अडचणीवर उभी आहे.

प्रत्येक फेरीला साधारण तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी एक क्लासिकल डाव, दुसऱ्या दिवशी रंग बदलून दुसरा. वेळ प्रत्येकाला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटं, नंतर आणखी ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. दोन डावांत दीड गुण झाले, की फेरी संपली. तिसऱ्या दिवशी विश्रांती. एक-एक अशी बरोबरी राहिली, की तिसऱ्या दिवशी टायब्रेक.

टायब्रेकमध्ये घड्याळ टप्प्याटप्प्याने आवळत जातं. २०२५च्या नियमांनुसार आधी १५ मिनिटांचे दोन जलद डाव, दर चालीला १० सेकंदांची भर. तरीही बरोबरी असेल तर १० मिनिटांचे दोन डाव, भर तितकीच. मग ५ मिनिटांचे दोन, ३ सेकंदांच्या भरीसह. त्यानंतर ३ मिनिटं आणि २ सेकंदांचे डाव. तिथेही निकाल लागला नाही, तर एकेक डाव खेळायचा. जो आधी जिंकेल तो पुढे.

वेळ कमी झाला, की चूक होण्याची शक्यता वाढते. चूक झाली, की निकाल लागतो. ही व्यवस्था बरोबरीवर बंदी घालत नाही, ती बरोबरी टिकवणं हळूहळू अवघड करत नेते. यामुळे खेळाडूला एकाच आठवड्यात तीन वेगळे खेळ यावे लागतात : पाच तास एकाच स्थितीत मुरून बसण्याचा, पाऊण तासात निर्णय घेण्याचा, आणि हाताच्या सवयीवर विसंबून सेकंदांत चाली करण्याचा. पहिला क्लासिकल डाव हरलेल्याला तर दुसऱ्या दिवशी जिंकण्यावाचून गत्यंतरच नसतं. समोरचा बरोबरीसाठी बसलेला असताना जोखीम घेऊन खेळायचं, आणि तेही कालच्या पराभवाची रात्र काढून. विश्वचषकात कस लागतो तो इथे.

बाटुमीतल्या सहा लढती

दिव्याचा प्रवास पाहिला, की ही यंत्रणा डोळ्यांपुढे येते. तिचं मानांकन १५वं होतं, त्यामुळे पहिल्या फेरीत तिला पुढे चाल मिळाली आणि विजेतेपदासाठी सहा लढती खेळायच्या राहिल्या. अंतिम सोळांमध्ये तिच्यासमोर दुसरी मानांकित, चीनची झू जिनर आली; ती टायब्रेकमध्ये हरली. उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिका, पुन्हा टायब्रेक. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयी. तिथे मात्र दिव्याने १०१ चालींचा क्लासिकल डाव जिंकून टायब्रेकची वेळच येऊ दिली नाही. अंतिम फेरीत कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला जलद डाव बरोबरीत, आणि २८ जुलै रोजी दुसऱ्या जलद डावात काळ्या सोंगट्या घेऊन दिव्या जिंकली. अडीच विरुद्ध दीड.

स्पर्धेला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. नियमानुसार विश्वचषक जिंकणाऱ्याला हा किताब थेट मिळतो, म्हणून ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. हा मान मिळवणारी ती चौथी भारतीय महिला. वर आव्हानवीरांच्या, म्हणजे कँडिडेट्स स्पर्धेत जागाही मिळाली.

चार महिन्यांनी गोव्यात जवळजवळ हीच गोष्ट घडली. उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवचं मानांकन १६वं होतं. त्याने अंतिम फेरीत चीनच्या वेई यीला दुसऱ्या जलद डावात हरवलं आणि विश्वनाथन आनंदचं नाव दिलेला चषक उचलला. सिंदारोवचा जन्म ८ डिसेंबर २००५चा, दिव्याचा ९ डिसेंबर २००५चा. एका दिवसाच्या अंतराने जन्मलेले दोघे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पंधराव्या आणि सोळाव्या मानांकनावरून वर आले.

मग हे नशीब का?

असा आक्षेप नेहमी घेतला जातो. गोव्यात अग्रमानांकित आणि विश्वविजेता डी. गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. त्याच फेरीत नाशिकचा विदित गुजराथीही सॅम शँकलंडकडून टायब्रेकमध्ये हरला. मॅग्नस कार्लसनसारख्यालाही हा चषक २०२३ सालच्या बाकूच्या स्पर्धेतच मिळाला. २०१७ साली तो तिसऱ्या फेरीत बाद झाला होता. दोन डावांवर जगातला सर्वोत्तम कोण हे ठरवता येत नाही, हे खरं आहे. १९९७ ते २००४ या काळात ‘फिडे’ने विश्वविजेताच बाद पद्धतीने ठरवून पाहिला. २००० साली दिल्लीत सुरू होऊन तेहरानमध्ये संपलेल्या स्पर्धेत आनंद विश्वविजेता झाला तो याच पद्धतीने. पण ही पद्धत त्या किताबासाठी टिकली नाही, आणि ते योग्यच झालं.

२००५पासून बाद पद्धतीला तिची खरी जागा मिळाली. आज विश्वचषकातले पहिले तिघे कँडिडेट्स स्पर्धेत जातात. तिथे आठ जण एकमेकांशी दोन-दोनदा, असे चौदा डाव खेळतात. तिथला विजेता विश्वविजेत्याला आव्हान देतो आणि दोघांमध्ये दीर्घ लढत होते. बाद पद्धत दार उघडते, साखळी पद्धत पारखते, समोरासमोरची लढत निकाल देते. एकीचं काम दुसरीवर टाकलं, की अन्याय होतो.

दार उघडण्याचं काम बाद पद्धतीइतकं दुसऱ्या कुठल्याच पद्धतीला जमत नाही, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. बड्या निमंत्रितांच्या स्पर्धांत जागा असतात दहा-बारा, आणि त्या वरच्या मानांकितांना जातात. वर असलेला वरच्यांशीच खेळतो आणि वरच राहतो. विश्वचषकात मात्र खंडीय अजिंक्यपद स्पर्धांतून, राष्ट्रीय संघटनांच्या कोट्यातून, मानांकन यादीतून आलेले २०६ जण एकाच तक्त्यात बसतात. शेवटच्या मानांकितापासून चषकापर्यंतची वाट लांब असते, पण ती आखलेली असते, आणि तिच्यावर कुणाच्या मर्जीचा नाका नसतो. सांगलीने स्वाती घाटेसारखी राष्ट्रीय विजेती आणि महिला ग्रँडमास्टर दिली. सातारा-सांगलीतून आणखी मुली-मुलं वर यायची असतील, तर त्यांना अशा उघड्या दारांची माहिती लहानपणीच असायला हवी.

आणि प्रशिक्षकांसाठी एक सूचना. वर्षभर स्विस पद्धतीने खेळणाऱ्या मुलांसाठी वर्षातून एकदा क्लबात छोटी बाद स्पर्धा जरूर घ्या. दोन संथ डाव, मग १५ मिनिटांचे, मग ५ मिनिटांचे. जी मुलं बाद होतील, त्यांच्यासाठी दुसऱ्या दालनात स्विस स्पर्धा चालू ठेवा, म्हणजे कुणी नुसतं बसून राहणार नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी जिंकण्यासाठीच बसावं लागणं, हा अनुभव पुस्तकातून मिळत नाही.

पुढच्या लेखांकात : ग्रँडमास्टरचा नॉर्म म्हणजे काय, तो कसा मोजतात, आणि मानांकनाचे गुण कसे चढतात-उतरतात.