आकाशातला तारपा नाच

मुलांनो, जव्हारजवळचा दाभोसा धबधबा तुमच्यापैकी काहींनी पावसाळ्यात पाहिला असेल. पण दाभोसा गावातली अमावास्येची रात्र पाहिलीत का? शहरासारखा दिव्यांचा झगमगाट नाही. थंडीत आकाश चांदण्यांनी नुसतं खच्चून भरलेलं!

याच भागातल्या वारली चित्रांतला तारपा नाच आठवा. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फिरत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. आता माणसांच्या जागी तारे कल्पा. झाली सर्पिल दीर्घिका! अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाला दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगाही सर्पिलच. तिच्या मध्यभागी तर ताऱ्यांचा एक लांबट दांडाही आहे.

पण नाच रंगायला वेळ लागतो ना? आधी माणसं जमणार, मग हात गुंफणार, मग ताल धरणार. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटे. विश्वाच्या बालपणी दीर्घिका ओबडधोबडच असणार. रेखीव सर्पिल हात यायला काही अब्ज वर्षं हवीत.

या समजुतीला २०२५ साली धक्का बसला, तोही आपल्या पुण्यातून! राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले राशी जैन आणि योगेश वाडदेकर जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीची छायाचित्रं तपासत होते. शिल्पकार तारकासमूहाच्या दिशेला 'एबेल २७४४' हा दीर्घिकांचा मोठा गुच्छ आहे. त्याच्याही कितीतरी मागे त्यांना एक दीर्घिका सापडली. मधल्या गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचं काम केलं, म्हणून ती जास्त तेजस्वी दिसली. मध्ये चकाकता गोळा आणि भोवती दोन रेखीव हात! व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं.

आज विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हा ते होतं फक्त १५० कोटी! म्हणजे आपण पाहतो ते तिचं १२०० कोटी वर्षांपूर्वीचं रूप.

तिचं नाव ठेवलं अलकनंदा. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात या दोन नद्या रुद्रप्रयागला भेटतात. म्हणजे ही आपल्या आकाशगंगेची बहीणच!

मग हा नाच इतक्या लवकर रंगला कसा? शेजारच्या एखाद्या दीर्घिकेच्या ओढीने, की थंड वायू हळूहळू जमत गेल्याने? शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.

डिसेंबरात संध्याकाळी सातच्या सुमाराला दक्षिणेकडे पाहा. अलकनंदा तिकडेच आहे. डोळ्यांना दिसणार नाही, पण तिचं कोडं तुमच्यापैकीच कुणीतरी सोडवायचं आहे, बरं का!