मोतमाउली : घराजवळचें एक ख्रिस्ती तीर्थ

पनवेल तालुक्यांतील कामोठें येथें राहणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबास यात्रा करावयाची झाल्यास त्यानें रोम किंवा जुनें गोवें गांठलेंच पाहिजे असें नाहीं. मानसरोवर स्थानकावर गाडींत बसावें, वडाळ्यास ती बदलावी, वांद्र्यास उतरून टेकडी चढावी आणि दिवेलागणीस घरीं परत यावें. एवढ्याशा जाण्यायेण्यास यात्रा म्हणावें काय, अशी शंका पुष्कळांस येते. तिचा निरास प्रथम करितों.

‘तीर्थ’ हा शब्द तॄ म्हणजे तरणें या धातूपासून झालेला आहे. पाण्यांत उतरण्याची किंवा पलीकडे जाण्याची जागा हा त्याचा मूळ अर्थ. आणि असा उतार बहुधा गांवालगतच असतो. कॅथॉलिक धर्मसंहितेचें मतही याहून निराळें नाहीं. इ. स. १९८३ च्या संहितेंतील १२३० व्या कलमाप्रमाणें, विशेष भक्तीच्या कारणानें श्रद्धाळू लोक जेथें मोठ्या संख्येनें येतात आणि ज्यास स्थानिक बिशपची मान्यता असते, तें यात्रास्थान. त्यांत कोसांचा हिशेब नाहीं. आठव्या बॉनिफेस पोपनें इ. स. १३०० मध्यें पहिलें ज्युबिली वर्ष जाहीर केलें, तेव्हां परक्यांस १५ दिवस व खुद्द रोमच्या रहिवाशांस ३० दिवस तेथील देवळांची वारी सांगितली होती. जवळच्यास दुप्पट! इ. स. २०२५ च्या ज्युबिलींतही ज्यांस रोमला जाणें झालें नाहीं, त्यांस आपापल्या बिशपनें नेमलेल्या जवळच्या देवळांची यात्रा करण्याची मोकळीक होती.

आतां वांद्र्याकडे वळूं. टेकडीवरील सध्यांचें मंदिर इ. स. १९०४ चें असून इ. स. १९५४ मध्यें त्यास लघु बॅसिलिकेचा मान मिळाला. मेरीचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. त्या सुमारास तेथें आठवडाभर जत्रा भरते. दुकानांतून मेणाचे हात, पाय, बाळ, घर असे आकार विकावयास ठेवलेले असतात. ज्या अवयवास पीडा किंवा जी वस्तु हवी, तिचा आकार नवस म्हणून वाहावा, अशी रीत आहे. वाहणाऱ्यांत हिंदु पुष्कळ असतात. मूर्तीची कथा अशी सांगतात कीं, इ. स. १७०० मध्यें अरबांनीं तिचा हात तोडला आणि पुढें एका कोळ्यास स्वप्नांत दृष्टांत होऊन मूर्ति समुद्रांत सांपडली. दंतकथा म्हणून ती सोडून दिली, तरी कोळ्यांनीं दिलेलें ‘मोतमाउली’ हें नांव उरतेंच. आणि आमच्या मतें तोच खरा पुरावा आहे.

कित्येक यांतील पूर्वपद ‘मोतीं’ समजतात. परंतु मग अंत्य ईकार कां गळला? इंग्रजी ‘माउंट’ पासून तें आलें म्हणावें, तर इंग्रजीचा टकार मराठींत बहुधा टकारच राहतो; स्टेशन, कोट हे शब्द पाहावे. पोर्तुगीजांचा तकार मात्र ‘पिस्तूल’, ‘तुरुंग’ यांत दंत्यच आहे. (बटाटा या नियमास जुमानीत नाहीं, हें आम्ही कबूल करितों.) म्हणून पोर्तुगीज ‘मोंति’, अर्थात् टेकडी, यापासून अनुनासिक गळून ‘मोत’ झालें असावें. वसईकडील ‘रमेदी माउली’ हें नांव याच घडणीचें : पूर्वपद पोर्तुगीज ‘रेमेदियुश’ म्हणजे उपाय यांतील, आणि उत्तरपद वारकऱ्यांच्या तोंडचें. अशी नांवें पाद्र्यांच्या कचेरींत होत नाहींत. तीं वाट चालणाऱ्यांच्या तोंडीं होतात. मराठी बोलणारे भक्त या टेकडीवर इंग्रजी अमदानीपूर्वींच येऊं लागले होते, असें यावरून आम्हांस वाटतें.

यास कालाचाही आधार मिळतो. टेकडीवरील जुनें प्रार्थनामंदिर वसईच्या मोहिमेच्या धामधुमींत गेलें, हें सर्व सांगतात. तें पुन्हां उभें राहिलें इ. स. १७६१ च्या सुमारास, हेंही सांगतात. परंतु साष्टी बेट इ. स. १७३७-३९ च्या त्याच मोहिमेंत मराठ्यांकडे आलें आणि इ. स. १७७४ त इंग्रजांनीं घेतलें, या दोन गोष्टी कोणी शेजारीं ठेवून पाहात नाहीं. पुनरुभारणी मराठी अमलांतील आहे! पानिपतच्या वर्षीं वांद्र्यास मेरीचें देऊळ बांधलें जात होतें, आणि तें सरकारच्या नजरेआड होणें संभवत नाहीं.

कामोठ्याच्या दुसऱ्या अंगास, याच रायगड जिल्ह्यांत, कोरलई येथें कार्मेल मातेचें देऊळ आहे. तिचा सण १६ जुलै. इ. स. १७४० मध्यें तें ठाणेंही मराठ्यांकडे आलें, पण तेथील ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज मिश्रित बोली अद्याप घरांत बोलतात. तेथें भाषा टिकली, वांद्र्यास ती मराठींत विरघळून एक पद मागें राहिलें.

साष्टी किंवा वांदरें येथील इ. स. १७३९ ते १७७४ या कालांतील मोडी कागद ज्यांचे संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत ‘पाद्री’, ‘किरिस्तांव’, ‘माउली’ हे शब्द शोधून पाहावे, आणि एखादी इनामाची, माफीची अगर देवळाच्या कामाची नोंद आढळल्यास तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.