गुलबक्षीचा गुलाबी रंग आणि घरची सरकी

मागच्या व्याख्यानात आपण मेंडेलचा वाटाणा पाहिला. उंच आणि बुटक्याचा संकर केला की पहिली पिढी सगळी उंच. बुटकेपणा दडून बसतो. आज असं झाड घेऊ, जिथे काही दडत नाही. आपल्या उमरीत न्हाणीच्या पाण्यावर वाढते ती गुलबक्षी.

१९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स होते. त्यांनी गुलबक्षीवरही प्रयोग केले. शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्याचा संकर केला, तर संतती गुलाबी येते. दोघांपैकी पुरतं वरचढ कुणीच नाही. ही अपूर्ण प्रभाविता.

इथे आपलं मन घाई करतं. म्हणतं, पांढऱ्यात लाल कालवला, झालं! पण कालवलेला रंग पुन्हा निवडून काढता येतो का? गुलाबी झाडाचे पराग त्याच झाडाच्या फुलाला दिले, तर पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ या प्रमाणात येतात. लाल तर आजोबाइतकाच लाल. म्हणजे मिसळलं ते रूप. जनुकं सुटीच राहिली. लालचं जनुक ‘ल’, पांढऱ्याचं ‘प’ म्हणू. गुलाबी झाड म्हणजे ‘ल-प’, आणि प्रत्येक बीला ते दोहोंतलं एकच देतं. त्याचा पांढऱ्याशी संकर केला तर निम्मी गुलाबी, निम्मी पांढरी. लाल एकही नाही.

मात्र हे भाकीत बियांच्या ढिगाचं आहे, एका बीचं नव्हे. गुलाबीच्या चार बिया लावल्या नि चारही गुलाबी निघाल्या, तर नियम मोडला असं नाही. सरासरी सोळा वेळांत एकदा तसं घडतंच.

कापसातही हे दिसतं. भेंडीसारख्या खोल कातरलेल्या पानांचा कापूस आणि रुंद पानांचा कापूस यांच्या संकराची पानं मधल्या कातरीची येतात.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा संकरित वाण इथल्या पुष्कळांनी पेरलाय. अशा वाणाची घरची सरकी पुढच्या वर्षी का पेरू नये? कंपन्यांचा डाव, असं सरसकट म्हणतात. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. संकरित झाड आपल्या गुलाबी गुलबक्षीसारखंच. त्याच्या सरकीतून जोड्या फुटतात, शेत एकसारखं राहत नाही. उत्पन्नामागे जनुकं अनेक, शिवाय जमीन आणि पाऊस, त्यामुळे तिथे १:२:१ मोजता येत नाही. पण फुटणार हे नक्की. सरळ वाणाचं तसं नाही. त्याची सरकी घरी राखता येते, फक्त शेजारच्या वाणाचे पराग मधमाशा आणणार नाहीत इतकं अंतर ठेवावं लागतं.